आधी जलरंगच का? निसर्गचित्र शिकण्याच्या क्रमामागची गोष्ट

निसर्गचित्र शिकायला आलेल्या नवख्याच्या हातात आपल्याकडे पहिल्यांदा जलरंगाची पेटी दिली जाते. तैलरंग नंतर, हात बसल्यावर. जलरंग सोपे म्हणून आधी, असं कारण सांगतात. ते मला कधीच पटलेलं नाही. तैलरंगात चुकलेलं आकाश खरवडून पुन्हा रंगवता येतं. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरा एकदा गेला की गेला. मग हा क्रम आला कुठून?

पाण्यात कालवलेला, डिंकाने बांधलेला रंग आपल्याला नवा नव्हता. लघुचित्रं त्यातच रंगली. पण तो रंग अपारदर्शक असे, थरावर थर देऊन घोटलेला. डोंगर, झाडं, ढग त्या चित्रांत भरपूर आहेत, मात्र बहुतेक वेळा कुण्या राजाच्या, नायिकेच्या किंवा देवाच्या मागे. कागद कोरा राखून त्यातूनच उजेड दाखवायचा आणि समोरचा मुलूख हाच चित्राचा विषय मानायचा, ही रीत अठराव्या शतकात इंग्रजांबरोबर आली.

त्यांच्याकडे ती फक्त हौसेची गोष्ट नव्हती. किल्ला, नदीचं वळण, घाटाची चढण कागदावर नीट उतरवता येणं हे लष्करी अधिकाऱ्याचं काम होतं. इंग्लंडमधल्या वूलिचच्या लष्करी अकादमीत पॉल सँडबी हा चित्रकार 1768 पासून हेच शिकवत होता. 1780 च्या सुमारास लंडनचे रंगविक्रेते रीव्हज यांनी जलरंगाच्या वड्या बाजारात आणल्या आणि रंगपेटी प्रवासाच्या सामानात सहज मावू लागली. तैलरंग तेव्हा डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. ते घेऊन डोंगर चढायचा कसा?

इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 साली कलकत्त्याला उतरले. 1793 पर्यंत ते देशभर फिरले आणि शेवटी मुंबईत आले. जागेवर पेन्सिल आणि पातळ वॉश (भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा हलका थर), परतल्यावर त्याच आराखड्यांवरून तैलचित्रं, आणि 1795 ते 1808 या काळात 144 ॲक्वाटिंट (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून वॉशसारख्या छटा देणारी) छापचित्रं असा त्यांच्या कामाचा क्रम होता. दृश्य एकच, पण प्रत्येक माध्यमात त्याचा उजेड वेगळा. माध्यमांचा अभ्यास करणाऱ्याने ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

याच सुमारास पुण्यात जे घडलं ते मला अधिक जवळचं वाटतं. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे राजकीय प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तिथे गंगाराम तांबट तयार झाला. त्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली. शाईची रेघ, तिच्यावर पातळ वॉश, आणि दगडाच्या पोटातला अंधार बरोबर जिथल्या तिथे. पाश्चात्त्य पद्धतीने समोरची जागा पाहून रेखाटणारा महाराष्ट्रातला हा आरंभीचा माणूस, पण त्याचं नाव शाळेत कुणाच्या कानावर पडत नाही. वेल्स 1795 मध्ये वारला आणि त्या शाळेचं पुढे फारसं काही झालं नाही.

नंतर 1857 मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. तिथलं शिक्षण लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सरकारी कलाशाळेच्या वळणावर होतं: आधी रेषा, मग छायांकन, रंग त्यानंतर. लष्करी सोयीतून आलेला जलरंग आणि हा अभ्यासक्रम यांची सांगड पक्की झाली, आणि जे.जे.मधून शिकून गेलेल्यांनी तीच पुढे गावोगावी नेली. जलरंग स्वस्त आणि लगेच वाळणारा, हेही पथ्यावर पडलं.

मात्र खरं निसर्गचित्रण वर्गात घडलं नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे.जे.त शिकून गावी परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि ते कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट रंगवत राहिले. पुढे प्रल्हाद धोंड यांनी जलरंगातच समुद्र रंगवला. ओला कागद, भरलेला ब्रश आणि न डगमगणारा हात.

तैलरंग उघड्यावर आला तो नळीमुळे. जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने 1841 मध्ये दाबून रंग काढता येईल अशी धातूची नळी तयार केली. मुंबईत तैलरंगातल्या मोकळ्या निसर्गचित्राला धार आली ती 1930 च्या दशकाच्या अखेरीस, ऑस्ट्रियाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्यामुळे. त्यांच्या सहवासात वावरलेले तरुण चित्रकार सय्यद हैदर रझा 1940 च्या दशकात मुंबईचे रस्ते रंगवत होते, पण बहुधा जलरंग आणि गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, यांत. पाण्यात कालवता येणारं, झटपट वाळणारं ॲक्रिलिक 1950 च्या दशकात आलं आणि वाळण्याची वाट पाहणं संपलं.

मला विचाराल तर सुरुवात रंगानेच करू नये. गडद कुठे, फिकं कुठे, हे डोळ्याला आधी कळावं. तांबटाचा वॉश तेच सांगतो. आणि अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं पावडर शेडिंगही, म्हणजे पूड कागदावर घासून दिलेल्या छटाही, तेच. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्यांच्या संग्रहालयात रंगीत निसर्गचित्रं आहेतच, पण आधी त्या काळ्या-करड्या चित्रांपुढे थांबावं. रंगाचा ठिपकाही नाही, तरी दुपार कोणती आणि संध्याकाळ कोणती ते ओळखू येतं.