हिरवी जागा आणि पर्यावरणपूरक जागा

पर्यावरणाविषयीची जाणीव वाढली तशी उद्याने, चौक आणि नदीकाठ यांच्या आराखड्यांत हिरवळीला मानाचे स्थान मिळाले. मात्र ‘हिरवी जागा’ आणि ‘पर्यावरणपूरक जागा’ हे शब्द एकाच अर्थाने वापरण्याची सवयही जडली. पहिल्या शब्दातून जागा कशी दिसते ते कळते, दुसऱ्यातून ती काय काम करते ते.

हा फरक पाहायचा असेल तर पदपथाकडेचा वाफा भर पावसात न्याहाळावा. नेहमीचा वाफा रस्त्यापेक्षा वीतभर उंच आणि चारी बाजूंनी कठड्याने बंद असतो. त्यामुळे रस्त्यावरचे पाणी त्याला वळसा घालून गटारात जाते आणि पाऊस सरला की त्याच वाफ्याला नळाचे पाणी घालावे लागते. पाणी मुरवण्यासाठी केलेला वाफा मुद्दाम रस्त्याहून खाली ठेवतात. त्याच्या काठाच्या दगडांत मधूनमधून खाचा असतात. त्यांतून पाणी आत शिरते, वाळू-मातीच्या थरांतून गाळले जाते आणि सावकाश खाली उतरते. छायाचित्रात दोन्ही वाफे सारखेच दिसतात, म्हणूनच फसगत होते.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडते. सोलमध्ये उन्नत रस्ता पाडून २००५ साली चाँगग्येचॉन हा ओढा पुन्हा मोकळा करण्यात आला. त्याने भोवतालची उष्णता कमी केली, माणसांना काठ मिळाला, आणि हे यश थोडे नाही. परंतु त्यातले बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणावे लागते, म्हणजे तो वाहता राहतो तो विजेच्या बळावर. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून तिला सुमारे ३.२ किलोमीटरचे वळणदार पात्र देण्यात आले. तेथे जोराचा पाऊस झाला की नदी काठच्या हिरवळीवर पसरते, आणि रचनेने ते आधीच गृहीत धरलेले आहे. माझ्या मते पर्यावरणपूरक हा शब्द येथे अधिक चपखल बसतो.

याउलट रॉटरडॅममधील बेंथेमप्लेन हा चौक बराचसा काँक्रीटचा असल्यामुळे पाहणाऱ्याला तो पर्यावरणाशी संबंधित वाटतही नाही. तरी त्याचे तीन खोलगट भाग मिळून सुमारे १७ लाख लिटर पावसाचे पाणी धरून ठेवतात, आणि कोरड्या दिवसांत त्यांतल्या सर्वांत खोल भागात मुले चेंडू खेळतात.