‘लक्ष नाही’ या शेऱ्याची पार्श्वभूमी

डिस्लेक्सिया (वाचन-लेखन अवघड जाणं) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणं) असलेल्या मुलाला लाज चिकटते ती बहुधा शब्दांतून, आणि त्यातले काही शब्द डॉक्टरांचेच आहेत. 1896 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 14 वर्षांच्या पर्सीची नोंद छापली. 749 गुणिले 867 हे गणित तो झटपट, अचूक सोडवायचा आणि स्वतःचं नाव मात्र ‘प्रेसी’ लिहायचा. सगळं तोंडी शिकवलं तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरेल, असं त्याच्या मास्तरांचं मत. मॉर्गन यांनी त्याला आळशी म्हटलं नाही. पण 1902 मध्ये लंडनला बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी न आवरणाऱ्या मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा नाव ठेवलं ‘नैतिक नियंत्रणातला दोष’. कारण शारीरिक असावं असं त्यांनाही वाटत होतं. शब्द मात्र चारित्र्याचा पडला.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाणीबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता आल्या. वहीतला ‘लक्ष नाही’ हा लाल शेरा तरी तसाच राहिला.

2003 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी स्वतःशी मायेनं वागण्याचे तीन भाग मांडले: घडलं ते जसंच्या तसं पाहणं, हे माझ्या एकट्याचं नाही याची जाणीव, आणि स्वतःशी मऊ बोलणं. मुलासोबत अभ्यासाला बसल्यावर हाच क्रम ठेवावा. आधी विशेषण न लावता एक वाक्य: ‘‘‘घ’च्या जागी ‘ध’ आला.’’ मग, ‘‘बऱ्याच मुलांची ही दोन अक्षरं अदलाबदल होतात.’’ शेवटी प्रश्न: ‘‘तुझ्या मित्राचं असं झालं असतं तर त्याला काय म्हणाला असतास?’’ उत्तर आलं नाही तर रेटू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

इथे घाई नडते. चूक झाल्या झाल्या ‘‘अरे, तू हुशारच आहेस’’ म्हटलं की मुलाला ते खोटं वाटतं. चूक त्याच्या डोळ्यांसमोर असते. ‘‘काही नाही रे’’ हेही तसंच. रडू आलं असेल तर आधी पाणी, प्रश्न नंतर.

सर्वांत अवघड जागा वर्गातलं मोठ्यानं वाचन. उतारा आदल्या दिवशी घरी द्यावा, आणि आज वाचायचं की नाही हे मुलानं बाईंना ठरलेल्या खुणेनं सांगावं, म्हणजे वर्गाला पत्ता लागत नाही.