इंजिनाने हवा कुठून घ्यावी?

मे महिन्याच्या दुपारी सिग्नलला पाच मिनिटं थांबलेली गाडी पुढे काढली की सुरुवातीला ती ओढतच नाही. पहाटे हीच गाडी हलक्या पायावर पळते. पेट्रोल तेच, प्लग तेच. एसीचा भार वजा केला तरी फरक उरतो, आणि तो असतो इंजिनात शिरणाऱ्या हवेत.

१.२ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना साधारण सव्वा लिटरपेक्षा जास्त हवा ओढू शकत नाही. ४,००० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर मिनिटाला सुमारे २,००० लिटर हवा आत जाते. घनफळ ठरलेलं आहे, त्यात ऑक्सिजन किती मावेल हे मात्र तापमानावर अवलंबून. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर कोरडी हवा १.१६ किलो भरते, ६० अंशांची १.०६ किलो. म्हणजे जवळपास ९ टक्के घट. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, त्यामुळे हवा घटली की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोलही तेवढंच कमी सोडतो. प्रत्यक्षात ताकद मात्र पूर्ण ९ टक्क्यांनी घटत नाही. आधीच तापलेली हवा इनटेक पोर्ट (सिलिंडरकडे हवा नेणारी वाट) आणि व्हॉल्व्हच्या गरम भिंतींकडून कमी उष्णता घेते, म्हणून सिलिंडरपर्यंत पोचताना हा फरक थोडा बुजतो. बिनटर्बोच्या (हवा दाबून भरणारा टर्बो नसलेल्या) पेट्रोल इंजिनाची डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलेली ताकद प्रमाणित करताना केल्विनमधल्या तापमानांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ घेतात ते याचमुळे. त्या हिशेबाने नुकसान ५ टक्क्यांच्या आसपास येतं.

मग पिकअप इतका का पडतो? कारण दुसरं नुकसान नॉकिंगचं आहे. सिलिंडरमधलं मिश्रण मुळातच गरम असेल तर ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच कोपऱ्यातला भाग आपोआप पेट घेतो आणि पत्रा वाजावा तसा खडखडाट होतो. हे पिस्टनला घातक असतं. म्हणून इनटेकमधला तापमानाचा सेन्सर गरम हवा दाखवू लागला, किंवा नॉक सेन्सरला खडखड जाणवली, की ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण जळणाचा दाब पिस्टनवर उशिरा येतो आणि गाडी दम खाते.

आता उपायांकडे. बाजारात इनटेक पाइपला गुंडाळायच्या सोनेरी टेप आणि उष्णतारोधक कापडं मिळतात. त्यांचा उपयोग किती, ते आकड्यांनीच पाहू. मिनिटाला २,००० लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लिटर. ६० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून ही हवा सेकंदाला जवळजवळ १२ मीटर वेगाने जाते. अर्धा मीटर पाइप पार करायला तिला ०.०४ सेकंद लागतो. एवढ्या वेळात, तेही उष्णता फारशी न वाहणाऱ्या प्लास्टिकच्या भिंतीतून, ती कितीशी तापणार? जोरात चालवताना टेपचा फायदा नगण्य आहे. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मात्र हवा सेकंदाला जेमतेम दोन लिटर जाते, पाइपात अर्ध्या सेकंदाहून जास्त रेंगाळते आणि खरंच तापते. सिग्नलनंतरची मरगळ तिथून येते आणि गाडी वेगात आली की थोड्या वेळाने जाते.

त्यामुळे पाइपवर काय गुंडाळलं यापेक्षा पाइपचं तोंड कुठे उघडतं हे कितीतरी महत्त्वाचं. बहुतेक कंपन्या ते बॉनेटच्या पुढच्या कडेला, ग्रिलच्या मागे किंवा फेंडरच्या पोकळीत ठेवतात, जिथे रेडिएटरची ऊब पोचत नाही. मूळ एअर बॉक्स काढून उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर लावणारे नेमकी ही जागा घालवतात. आवाज भारदस्त होतो, म्हणून गाडी ताकदवान झाल्यासारखी वाटते. पण तो फिल्टर आता रेडिएटरच्या पंख्याने मागे फेकलेली गरम हवा ओढत असतो. कोन लावायचाच असेल तर तो इंजिनपासून पत्र्याने किंवा बंदिस्त डब्याने वेगळा हवा आणि त्या डब्याला बाहेरच्या हवेची वाट हवी. नाहीतर मूळ डब्यात स्वच्छ कागदी फिल्टर सगळ्यात बरा.

एक दोष सहज नजरेतून सुटतो. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झाल्यावर इनटेकचं पुढचं नळकांडं किंवा रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या पट्ट्या परत बसवल्याच जात नाहीत. या पट्ट्या ग्रिलमधून आलेली हवा रेडिएटरमधूनच जायला लावतात. त्या नसल्या की मागची गरम हवा कडेने वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि इनटेकमध्ये शिरते. बॉनेट उघडून, तुटलेल्या क्लिपांसह, हे आधी तपासावं.

शंका असेल तर मोजावं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (इंजिनाची माहिती देणाऱ्या) सॉकेटमध्ये बसणारं साधं ब्लूटूथ उपकरण इनटेकचं तापमान फोनवर दाखवतं. इंजिन पूर्ण तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर ७० ते ८० च्या स्थिर वेगाने दहा मिनिटं चालवा आणि बाहेरच्या तापमानाशी तुलना करा. बिनटर्बोच्या गाडीत ५ ते १५ अंशांचा फरक साधारण असतो. चालत्या गाडीत तो २५ च्या पुढे राहिला तर गरम हवा कुठून तरी आत येते आहे. उभ्या गाडीतला आकडा बघून घाबरू नये.

टर्बो असलेल्या गाडीचं गणित वेगळं. तिथे हवा बाहेरून तापत नाही, दाबल्यामुळे तापते. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३० अंशांना बाहेर पडते. इंटरकूलरने (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीने) त्यातली ७० टक्के वाढ काढून घेतली की ६४ अंश उरतात आणि घनता जवळपास २० टक्क्यांनी वाढते. बिनटर्बोच्या इंजिनात कुठल्याही खटपटीने एवढी कमाई होत नाही. म्हणून टर्बो गाडीत आधी इंटरकूलरची काळजी घ्यावी. त्याच्या जाळीत चिखल आणि किडे अडकतात. पाणी इंजिनाच्या बाजूकडून पुढे, हलक्या दाबाने मारावं. प्रेशर वॉशर जवळून धरला तर पातळ ॲल्युमिनियमच्या पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बुजते. पुढे लावलेले जाडजूड गार्ड आणि जादा दिवेही हवा अडवतात. टर्बो-इंटरकूलरच्या होज पाइपमध्ये तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, पण तेल साचलेलं असेल तर कारण शोधायला हवं. सांध्यावर तेलकट धूळ, शिट्टीसारखा आवाज, डिझेल गाडीत काळा धूर ही हवेच्या गळतीची लक्षणं. गळती असली की तोच दाब टिकवायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते.

मायलेजची आशा मात्र ठेवू नये. पेट्रोल गाडी संथ चालवताना थ्रॉटल (हवेची झडप) अर्धवट मिटलेला असतो आणि हवा मुद्दामच कमी घेतली जाते. तेव्हा ती गरम असली तरी थ्रॉटल थोडा जास्त उघडून काम भागतं. थंड हवेचं चीज होतं ते चढावर, ओव्हरटेक करताना, भरल्या गाडीत.

थंड हवेसाठी फिल्टर बंपरच्या खाली नेण्याची पद्धत कोरड्या प्रदेशात चालेल, पण मुंबई-कोकणच्या पावसात ती इंजिन मारते. पाणी साचलेल्या रस्त्यावर खाली असलेलं तोंड पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. टो करून न्यावी आणि एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून आतलं पाणी बाहेर काढल्याशिवाय चावी फिरवू नये.