ट्रकचा ब्रेकलाइट पेटवते ती हवा

घाटात ट्रक आदळला की बातमीत ‘ब्रेक फेल’ हे शब्द ठरलेले असतात. पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले होते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ताशी 80 किलोमीटर वेगातली गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. पुढचा ट्रक थांबतोय हे एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढं अंतर फुकट गेलं.

मोटारीत ब्रेकलाइटचा स्विच पेडलच्या दांड्यापाशी असतो. म्हणून ट्रकमध्येही लोक पेडलखाली डोकं घालून तो शोधतात. एअर ब्रेकच्या, म्हणजे दाबलेल्या हवेने ब्रेक लागणाऱ्या, बऱ्याच ट्रकमध्ये तो तिथे सापडतच नाही. तो फूट व्हॉल्व्हवर (पेडल दाबलं की चाकांकडे हवा सोडणारी झडप), नाहीतर तिथून चाकांकडे जाणाऱ्या हवेच्या लाइनवर आटे देऊन बसवलेला असतो. पेडल किती हललं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चाकांकडे हवा निघाली का, एवढंच तो बघतो. मला ही रचना फार आवडते, कारण दिवा पायाची नाही, ब्रेकच्या हवेची खबर देतो.

स्विचच्या आत रबराचा पातळ डायफ्राम, म्हणजे पडदा, असतो. त्याच्या एका बाजूला ब्रेकची हवा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि धातूची चकती. समजा, डायफ्रामचं क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर आहे आणि हवेचा दाब 0.4 बार. एक बार म्हणजे चौरस सेंटिमीटरला 10 न्यूटन, तेव्हा जोर झाला 8 न्यूटन, साधारण 800 ग्रॅम वजनाइतका. तेवढ्यात स्प्रिंग दबते, चकती दोन टोकांना टेकते आणि दिवा लागतो. ब्रेकसाठी हवा साठवणाऱ्या टाकीत दाब असतो 8 बारच्या आसपास, म्हणजे पेडलवर पाय अलगद टेकवला तरी मागच्याला इशारा जातो.

टाकीच्या लाइनवरचा, दाब कमी असल्याचा इशारा देणारा लो-प्रेशर स्विच याच्या उलट. दाब नसताना तो जोडलेला असतो आणि दाब 4-5 बारच्या वर गेला की सुटतो. म्हणून सकाळी रिकाम्या टाकीने गाडी चालू केली की बझर ओरडतो आणि हवा भरली की गप्प होतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं: टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक ब्रेकगणिक टाकी रिकामी होत जाते.

आता बिघाड. दिवे लागत नसतील तर आधी फ्यूज बघायचा. मग टाकी भरलेली असताना स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. दिवे लागले तर वायरिंग ठीक. दोष स्विचमध्ये, किंवा हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. टाकीतलं पाणी वेळच्या वेळी सोडलं नाही की ओल आणि कॉम्प्रेसरचं तेल लाइनमध्ये उतरतं. बाहेरच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. स्विचपाशी सूं असा आवाज आला तर डायफ्राम फाटलाय. लाइनमध्ये हवा असताना स्विच खोलू नये, आणि त्याआधी चाकांना ठोकळे लावावेत.

दिवे सतत लागून राहिले तर जास्त सावध व्हायला हवं. स्विचची वायर काढल्यावर ते विझले, तर आतली टोकं चिकटली असतील, किंवा पेडल सोडूनही लाइनमध्ये हवा अडकलेली असेल. ही दुसरी शक्यता गंभीर आहे. ब्रेक घासत राहतात, ड्रम तापतो आणि खऱ्या उतारावर पकड कमी पडते. नवा स्विच बसवूनही दिवा विझत नसेल तर फूट व्हॉल्व्ह तपासून घ्यायलाच हवा.

गाडीला दृष्ट लागू नये म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधतात. तिने ना डायफ्राम शिवला जातो, ना गंज निघतो. ती बदलतानाच एकाने पेडल दाबावं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघावेत.

बझरची परीक्षाही सोपी आहे. सपाट जागी ठोकळे लावून इंजिन बंद करा, किल्ली चालू ठेवा आणि पेडल पुन्हा पुन्हा दाबा. गेजचा काटा लाल पट्ट्यात शिरूनही बझर वाजला नाही, तर ती गाडी घाटात नेऊ नका.