कारवान कुत्रा घेऊ की मुधोळ? अहो, एकच तो!
दादरला आमच्या बिल्डिंगमध्ये परत तोच वाद, कारवान शिकारीला आणि मुधोळ राखणीला, मग फ्लॅटमध्ये कुठला बरा. अरे बाबा, दोन्ही एकच! आपल्याकडे कारवान म्हणतात, आणि कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी पंचम जॉर्जला जोडी भेट दिली तेव्हापासून मुधोळ नाव गाजलं, २००५ च्या पोस्टाच्या तिकिटावरही तेच. कानाशेपटीला रेशमी केस असले की पश्मी, तीही वेगळी जात नाहीच, त्यामुळे त्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. त्यापेक्षा पिल्लाचे आईबाप बघा, आणि रोज पहाटे पळवायला नेणार कोण ते आधी घरात ठरवा. फासळ्या दिसतात म्हणून खालचे काका 'उपाशी ठेवता का' विचारणारच, बांधाच तसा असतो त्याचा. फरशीवर गोधडी मात्र टाका, कोपरं घासतात.