कला अकादमी नुसती गाडीतून दाखवून पुढे नेऊ नका असं आम्हालाच सांगा

नमस्कार मंडळी, आमच्या पणजी दर्शनच्या गाडीत तुम्ही बसणार आहात म्हणून हे आधीच लिहून देतोय, कारण दर ट्रिपला एक प्रश्न हमखास येतो, मंगेशी झालं, शांतादुर्गा झालं, जुन्या गोव्याची चर्च झाली, आता कांपालला ही कला अकादमीची सिमेंटची बिल्डिंग कशाला दाखवताय?

तर मंगेशीपासूनच सुरुवात करू. सकाळी ज्या मंगेशीला तुम्ही नारळ ठेवून आलात ते दीनानाथ मंगेशकरांचं गाव, आणि कला अकादमीच्या मोठ्या नाट्यगृहाचं नाव दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. गोव्यातल्या नाटकवाल्यांसाठी ही जागा म्हणजे पंढरीच आहे, गावोगावच्या हौशी मंडळींनी मराठी नाट्यस्पर्धेत इथे नाटकं केलीत, कोकणी नाटकं झालीत, तियात्र (गोव्यातलं गाण्यांचं कोकणी लोकनाट्य) झालेत, केसरबाई केरकरांच्या नावाचा संगीत समारोहसुद्धा इथलाच.

बिल्डिंग आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय आणि मुंबईची कांचनजंगा बिल्डिंग ज्यांनी केली तेच हे, मूळ गोंयकार घराण्यातले. काम 1973 ते 1983 चाललं. आता बघायचं काय ते सांगतो. रस्त्यावरून बघाल तर भव्य असं काहीच दिसणार नाही, मोठा दरवाजा नाही, घुमट नाही, खांबांची रांग नाही, कारण बिल्डिंग मुद्दाम बुटकी ठेवलीय, झाडांच्या वर जात नाही. म्हणून म्हणतो खाली उतरा आणि चालायला लागा. डोक्यावर काँक्रीटची जाळी आहे, उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडतात, मग सावलीतला मोकळा फोयर लागतो, वारा आरपार येतो, चिऱ्याच्या भिंती (तुमच्याकडे जांभा म्हणतात तोच दगड), आणि चालता चालता समोर मांडवी येते. रस्ता ते नदी असा हा रस्ताच म्हणजे खरी बिल्डिंग, बाकीचे हॉल त्याच्या आजूबाजूला बसवलेत असं आम्हाला तरी वाटतं. गोव्यातल्या जुन्या घरांना पुढे बाल्कांव असतं ना, येणाराजाणारा टेकतो आणि गप्पा मारतो, तसंच इथे पायऱ्यांवर नि कठड्यांवर माणसं टेकलेली दिसतील, तुम्हीपण टेका.

मोठ्या हॉलच्या भिंतींवर जुन्या थिएटरातले सज्जे रंगवलेत आणि त्यात बसलेली माणसं गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची, म्हणजे नाटकाला पब्लिक कमी असलं तरी हॉल रिकामा वाटत नाही! पण कार्यक्रम नसेल तर हॉल बंद असतो, हे आधीच सांगतो. म्हणून आमचा सल्ला, संध्याकाळी एखादं नाटक किंवा गाण्याची मैफल असेल तर तिकीट काढा आणि बीचची एक संध्याकाळ सोडा, आम्ही गाडी थांबवतो.

2021 पासून दुरुस्तीसाठी अकादमी बंद होती, मध्येच 2023 च्या जुलैत खुल्या नाट्यगृहाच्या स्टेजवरचा स्लॅब कोसळला तेव्हा आम्हा पणजीकरांना फार लागलं ते, मग नोव्हेंबर 2023 मध्ये पुन्हा उघडली. त्यामुळे आत कुठला भाग बघायला मिळेल ते आम्ही ट्रिपच्या दिवशी सकाळी विचारून तुम्हाला सांगतो.

वेळ शक्यतो साडेचारनंतरची धरा, दुपारी लेकरं नि म्हातारी माणसं उन्हाने कंटाळतात. एक तास तरी ठेवा, पंधरा मिनिटात फोटोच होतात फक्त. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, चपला जरा बघून घाला. तिथून मिरामार जवळच, सूर्यास्ताला गाठता येतं. बुकिंग करताना फक्त एवढंच बोला की अकादमीला उतरायचंय, म्हणजे ड्रायव्हर त्या हिशोबाने जुन्या गोव्याहून लवकर निघेल.