बास्केटबॉलची निवड चाचणी: कागद कुठे अडतात आणि मैदानावर काय पाहतात

साईच्या म्हणजे भारतीय खेळ प्राधिकरणाच्या केंद्राची चाचणी असो की शालेय स्पर्धेसाठी संघनिवड, दरवर्षी चांगली खेळणारी मुलं बॉल हातात घेण्याआधीच कागद तपासणीच्या टेबलावर बाद होतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, जन्मतारीख. म्हणून आधी तिच्याबद्दल सविस्तर.

शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे आहेत. वय चाचणीच्या दिवशीचं नव्हे, ३१ डिसेंबरचं धरतात. २०२५-२६ च्या हंगामात १४ खालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतरचा हवा. म्हणजे २० नोव्हेंबर २०११ ला जन्मलेला मुलगा ऑगस्टमध्ये तेरा वर्षांचाच असला, तरी तो १७ खालील गटात जातो. "अजून चौदा पूर्ण कुठे झालीत?" हा वाद टेबलावर घालून काही उपयोग होत नाही. बास्केटबॉल असोसिएशनच्या स्पर्धांचे वयोगट वेगळे असतात, साईच्या योजनांच्या वयोमर्यादाही वेगळ्या. त्या त्या परिपत्रकातली तारीख वाचा, गेल्या वर्षीच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

आता जन्मदाखला. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो आणि त्यावर जन्मतारखेइतकंच लक्ष नोंदणीच्या तारखेकडे असतं. कायद्याने जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते. एक वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बारा वर्षांच्या मुलाची नोंद गेल्या वर्षी झालेली दिसली की छाननी करणारा थांबणारच. अशा वेळी पहिलीच्या प्रवेशावेळची जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीतली, नोंद वाचवते. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी त्या पानाचा उतारा आधीच काढून ठेवा. शाळा बदलली असेल तर तो जुन्या शाळेतून आणावा लागतो आणि सुट्टी लागली की तिथे कुणी भेटत नाही.

दुसरी अडचण फार घरांत आहे आणि ती आयत्या वेळी कळते. दवाखान्याने नोंद केली, पण "बाळाचे नाव" हा रकाना कोराच राहिला. असा दाखला मुलाचाच आहे हे सिद्ध कसं करणार? नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत जन्म नोंदलेल्या कार्यालयात अर्ज करून नाव घालता येतं, वर्षभरानंतर थोडं विलंब शुल्क पडतं. मूल खेळाकडे वळलंय असं दिसलं की त्याच आठवड्यात दाखला बाहेर काढून तो रकाना बघा.

आधार कार्ड ओळखीसाठी आहे, जन्मतारखेच्या पुराव्यासाठी नाही. जुन्या काही कार्डांवर तर फक्त जन्मवर्ष आहे. दाखल्यावर, आधारवर आणि शाळेच्या बोनाफाईडवर नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, आडनाव अक्षरशः एकसारखं हवं. एका जादा इंग्रजी 'ए'पायी पोराला परत पाठवणं अन्यायाचं आहे, पण पाठवतात. दुरुस्तीला महिना-दोन महिने जाऊ शकतात, ते आधीच धरा.

बाकी कागद नेहमीचे: फोटो, बोनाफाईड, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, खेळाची प्रमाणपत्रं. मूळ प्रती सोबत ठेवा. साईसाठी अर्ज करण्याआधी त्या केंद्रात बास्केटबॉल आहे का, मुलींसाठी जागा आहेत का, निवासी की अनिवासी, हे विचारून घ्या. सगळे खेळ सगळ्या केंद्रांत नसतात.

कागद बरोबर असूनही शंका आली तर वैद्यकीय वयचाचणीला पाठवतात. टीडब्ल्यू-३ पद्धतीत डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची परिपक्वता मोजतात. इथे पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी: हाडांचं वय आणि दाखल्यावरचं वय निरोगी मुलातही एखाद्या वर्षाने मागेपुढे असू शकतं. लवकर वयात येणारा प्रामाणिक मुलगाही त्यात अडकतो. अपिलाची तरतूद आहे, पण मुदत थोडी असते. निकालाची लेखी प्रत मागून घ्या, तोंडी "नापास" ऐकून घरी येऊ नका. आणि कुणी वय कमी दाखवून देतो म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. बंदी मुलावर येते.

मैदानावर आधी शारीरिक चाचण्या होतात. साधारणपणे उंची-वजन, ३० मीटर धाव, ६×१० मीटर शटल रन (दहा मीटरच्या दोन रेषांमध्ये सहा वेळा ये-जा), जागेवरून उंच आणि लांब उडी, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, ८०० मीटर. शटलमध्ये रेषेला पाय न लावताच वळणं ही सर्वांत मोठी चूक. उंच उडीत आधी उभ्याने हात किती पोचतो ते मोजतात. तिथे खांदा आखडून हात कमी ताणला की उडी जास्त दिसते, हे परीक्षकाला पक्कं ठाऊक असतं. तो पुन्हा मोजायला लावतो आणि नजरेत मुलगा उतरतो.

कौशल्यासाठी बी.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणाच्या पदवीला) शिकवतात त्या जॉन्सन चाचणीसारखे प्रकार असतात: ३० सेकंदांत बास्केटखालून किती गोल, लक्ष्यावर पास, अडथळ्यांतून ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पुढे नेणं. मुलींनी सराव ६ नंबरच्या बॉलनेच करावा. शाळेत ७ नंबरचाच असतो म्हणून त्यावर हात बसवला, की चाचणीत शॉट लांब जातात. डावा हात वापरता येत नसेल तर ड्रिबलमध्ये दोन फेऱ्यांतच उघडं पडतं.

खरा निर्णय पाच-पाचच्या सामन्यात होतो. बॉल नसताना मूल कुठे धावतं, बॉल गेला की बचावाला परततं का, बदललेली सूचना पुढच्या चालीत उतरते का, यावर जास्त टिपणं होतात. पंधरा पॉइंट मारणारा पण परत न पळणारा मुलगा मागे पडतो तो इथेच.

आणि उंची. वाढीचा झपाटा मुलींत साधारण बाराव्या, मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. तेराव्या वर्षी १७८ सेंमी असलेला मुलगा कदाचित पूर्ण वाढलेला असेल आणि शेजारचा १६२ चा अजून सुरूही झाला नसेल. त्यातून जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात येतात, म्हणजे जवळजवळ वर्षाचं अंतर. जाणकार परीक्षक म्हणूनच आईवडिलांची उंची, हातांचा पल्ला आणि बसलेली उंची विचारात घेतात. ढोबळ हिशेब घरी करता येतो: मुलासाठी आईवडिलांच्या सेंमीतल्या उंचीच्या बेरजेत १३ मिळवा, मुलीसाठी १३ वजा करा, दोनाने भागा. वडील १७२, आई १५८ असतील तर मुलगा साधारण १७१.५, मुलगी १५८.५, दोन्हीकडे आठ-दहा सेंमीची सूट धरा.

त्यापेक्षा भरवशाचा कागद म्हणजे उंचीची वही, आणि ती जवळजवळ कुणाकडेच नसते. दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, टाचा भिंतीला लावून मोजायचं आणि तारखेसह लिहायचं. सहा महिन्यांत चार-पाच सेंमी वाढ दिसली तर झपाटा चालू आहे. सतत बास्केटखाली उभं केलेल्या उंच मुलालाही आतापासून ड्रिबल आणि बाहेरून शॉट शिकवा, कारण वरच्या गटात त्याच्या उंचीचे दहा जण असतात.

यादीत नाव प्रतीक्षेत आलं तरी फोन चालू ठेवा. कागदांत अडकून वरची नावं गळतात आणि बोलावणं दोन दिवसांच्या मुदतीने येऊ शकतं.